दुकानासमोरची गाडी, दाराशी घसरलेले आजोबा आणि फुटपाथचा कायदा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. महानगरपालिकेच्या हद्दीत तुमची जुनी इमारत आहे, तळमजल्यावर स्वतःचं दुकान आहे. समोरच्या फुटपाथवर बरीच वर्षं एक मावशी भाजी विकायला बसायच्या. पालिकेच्या सर्वेक्षणात त्यांचं नाव लागलं, पावतीही मिळाली. आता मावशी येत नाहीत. त्यांचा भाचा तिथे नाश्त्याची हातगाडी लावतो आणि गाडी, बाकडं, पाण्याचं पिंप मिळून तुमचं अर्धं दार झाकलं जातं. मागच्या पावसाळ्यात एक आजोबा तुमच्या दाराशी घसरून पडले. गाडीवाला म्हणतो तुमच्या दारापुढच्या उताराची फरशी गुळगुळीत आहे, तुम्ही म्हणता त्याचं सांडपाणी तिथे साचतं. पोलीस पालिकेकडे बोट दाखवतात, पालिका म्हणते समितीचा निर्णय व्हायचाय. गाडी हटवता येईल का, आणि आजोबांच्या दुखापतीची जबाबदारी तुमच्यावर येते का, हे तुमचे दोन प्रश्न.

मी वकील आहे आणि पालिका कायद्याची कामं बरीच वर्षं करतोय. माझ्याकडे दुकानदारही येतात आणि पथारीवालेही, त्यामुळे या भांडणाच्या दोन्ही बाजू मी लढवल्या आहेत. तुमचे दोन प्रश्न वेगळे वाटतात, पण दोन्हींची सुरुवात एकाच गोष्टीपासून होते: ज्या जमिनीवर गाडी उभी आहे आणि ज्या जमिनीवर तुमचा उतार आहे, ती नेमकी कोणाची? हे कळल्याशिवाय कोणताही कायदा लावता येत नाही, आणि बहुतेक दुकानदारांनी ते कधी तपासलेलंच नसतं.

म्हणून सुरुवात टेपने करा. मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) आणि इमारतीचा मंजूर नकाशा काढा आणि भिंतीपासून हद्दीपर्यंत किती अंतर आहे ते बघा. तीन शक्यता असतात. पहिली, तुमची हद्द भिंतीलाच संपते आणि पुढची सगळी जागा रस्त्याची आहे. दुसरी, भिंतीपुढे काही फूट तुमचं सामासिक अंतर, म्हणजे तुमच्याच हद्दीत मोकळी सोडलेली जागा आहे, ज्याला सगळे फ्रंट मार्जिन म्हणतात, आणि फुटपाथ त्यानंतर सुरू होतो. तिसरी सगळ्यात फसवी. कधीकाळी वडिलांनी किंवा आजोबांनी रस्तारुंदीसाठी पुढची पट्टी पालिकेला दिली आणि तिचा मोबदला किंवा एफएसआय, म्हणजे जादा बांधकामाचा हक्क, घेतला. घरच्यांच्या मनात ती पट्टी अजून आपलीच असते, कागदावर मात्र ती रस्ता झालेली असते. हद्द नकाशावरून कळत नसेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून मोजणी करून घ्या. खर्च आणि वेळ दोन्ही लागतात, पण पुढचा प्रत्येक अर्ज त्या मोजणीवर उभा राहतो.

गाडी तुमच्या मार्जिनमध्ये असेल तर फेरीवाल्यांचा कायदा बाजूला राहतो. ती खाजगी जागा आहे, तिथे तुमच्या परवानगीशिवाय कोणी बसू शकत नाही. पण तुम्ही वर्णन केलंय त्यावरून गाडी सरळसरळ फुटपाथवर आहे असं मी धरून चालतो. तसं असेल तर ‘माझ्या दुकानासमोरची जागा’ अशी कोणती जागा कायद्यात नाही. फुटपाथ रस्त्याचाच भाग आहे, तो पालिकेच्या ताब्यात असतो आणि चालणाऱ्यांसाठी असतो. तुम्ही मालमत्ता कर भरता म्हणून त्यावर तुमचा हक्क तयार होत नाही, आणि मावशी तिथे बरीच वर्षं बसल्या म्हणून त्यांचाही होत नाही.

असं असलं तरी तुमचा एक हक्क पक्का आहे, आणि दुकानदार नेमका तोच मागायला विसरतात. ज्याची मिळकत सार्वजनिक रस्त्याला लागून आहे, त्याला आपल्या मिळकतीतून रस्त्यावर आणि रस्त्यावरून मिळकतीत ये-जा करण्याचा हक्क न्यायालयं मानत आली आहेत. हा तुमचा स्वतःचा हक्क आहे, रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही असतो त्याहून वेगळा. दार अडवलं गेलं तर तुम्ही त्यावर बोट ठेवून दाद मागू शकता. पाटी झाकली जाते, काचेतला माल दिसत नाही, गिऱ्हाईक कमी झालं, या तक्रारी खऱ्या असतील, पण कायद्यात त्यांचं वजन बरंच कमी आहे. तेव्हा तुमचं प्रकरण दाराचं आहे हे आधी मनात पक्कं करा.

आता समोरच्या बाजूचा हक्क. रस्त्यावर माल विकणं हा व्यवसाय करण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, त्यावर वाजवी बंधनं घालता येतात आणि ठरावीक जागेवरच बसण्याचा हक्क मात्र कोणाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने 1989 मध्ये सोदान सिंग प्रकरणात सांगितलं. त्यानंतर बराच काळ हे सगळं न्यायालयांच्या आदेशांवर आणि पालिकांच्या धोरणांवर चाललं. मग संसदेने 2014 मध्ये पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम केला आणि तो 1 मे 2014 पासून लागू झाला. महाराष्ट्राचे नियम 2016 मध्ये आले, योजना 2017 मध्ये.

या कायद्याची रचना समजून घेतलीत तर पालिका तुम्हाला ‘समितीचा निर्णय व्हायचाय’ का म्हणते ते कळेल. प्रत्येक शहरात आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली नगर पथविक्रेता समिती असते. तिच्यात किमान 40 टक्के सदस्य पथविक्रेत्यांनी निवडून दिलेले असतात आणि त्यातल्या एकतृतीयांश महिला असतात. समितीने दर पाच वर्षांनी किमान एकदा सर्वेक्षण करायचं, सर्वेक्षणात सापडलेल्यांना विक्री प्रमाणपत्र द्यायचं, प्रभागाच्या किंवा शहराच्या लोकसंख्येच्या 2.5 टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचं, आणि पालिकेने या समितीच्या शिफारशीवरून पथविक्रीचा आराखडा करायचा. कुठे बसता येईल, कुठे ठरावीक वेळीच बसता येईल आणि कुठे अजिबात नाही, हे त्या आराखड्यात ठरतं. आणि कलम 3 म्हणतं की सर्वेक्षण पूर्ण होऊन सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कोणत्याही पथविक्रेत्याला उठवायचं नाही किंवा हलवायचं नाही.

गाडं अडतं ते इथेच. अनेक शहरांत सर्वेक्षण झालं पण प्रमाणपत्रं वाटायची राहिली, किंवा समितीची निवडणूक रखडली, किंवा आराखडा कागदावरच आहे. त्या मधल्या काळात मावशींसारख्या नाव लागलेल्या विक्रेत्याला कलम 3 चं संरक्षण आहे. पालिकेचा कर्मचारी टाळाटाळ करतोय असं तुम्हाला वाटतं, आणि काही वेळा तो करतही असतो, पण त्याच्यापुढे कायद्याचा खरा अडसरही आहे. पूर्वी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम 1949 च्या कलम 231 खाली, आणि मुंबईत 1888 च्या कायद्याच्या कलम 314 खाली, रस्त्यावर मांडलेली वस्तू नोटीस न देता उचलता येत असे. ही कलमं आजही आहेत, पण 2014 च्या कायद्यातलं कलम 33 सांगतं की विसंगती असेल तिथे नवा कायदा वरचढ. नोंद नसलेल्या, कालपरवा येऊन उभ्या राहिलेल्या गाडीवर पालिका अजूनही झटपट कारवाई करू शकते. नाव लागलेल्या विक्रेत्यावर तशी करता येत नाही.

तुमच्या गाडीवाल्याला हे संरक्षण मिळतं का, हा तुमच्या प्रकरणातला सगळ्यात नाजूक भाग आहे. प्रमाणपत्र घेताना विक्रेत्याला कलम 5 प्रमाणे हमीपत्र द्यावं लागतं. धंदा तो स्वतः किंवा कुटुंबातल्या माणसाकरवी करेल, त्याला उपजीविकेचं दुसरं साधन नाही, आणि प्रमाणपत्र किंवा जागा तो कोणत्याही प्रकारे, भाड्यानेसुद्धा, दुसऱ्याला देणार नाही. विक्रेता वारला किंवा आजारपणाने, अपंगत्वाने कायमचा बसला तर त्याच्या जोडीदाराला किंवा अवलंबून असलेल्या अपत्याला प्रमाणपत्राच्या मुदतीपर्यंत ते चालवता येतं. भाचा या यादीत सरळ बसत नाही. मावशी आजारी आहेत आणि भाचा त्यांच्याच घरात राहून त्यांच्यासाठी धंदा करतो असं असेल, तर तो कुटुंबातला माणूस म्हणून दावा करेल आणि अधिकाऱ्याला तो ऐकावा लागेल. मावशींनी दरमहा काही रक्कम ठरवून जागा त्याच्या हाती दिली असेल, तर ते सरळ उल्लंघन आहे. यातलं खरं काय ते मला इथून सांगता येणार नाही, आणि तुम्हीही ऐकीव माहितीवर अर्जात ‘जागा भाड्याने दिली आहे’ असं ठोकून देऊ नका. ‘नोंद ज्यांच्या नावे आहे त्या व्यक्ती स्वतः येत नाहीत, दुसरी व्यक्ती वेगळा धंदा करते, तरी चौकशी व्हावी’ एवढं लिहा. चौकशी करणं पालिकेचं काम आहे. विक्रेत्याची बाजू ऐकून घेतल्याशिवाय प्रमाणपत्र रद्द करता येत नाही, आणि रद्द झालं तरी त्याला अपील आहे.

अजून एक गैरसमज मी सारखा बघतो. गाडीवाला पीएम स्वनिधीच्या कर्जाचा कागद दाखवतो आणि म्हणतो हा माझा परवाना. जून 2020 मध्ये सुरू झालेली ती कर्जयोजना आहे, चांगली योजना आहे, अनेकांना सावकाराच्या दारातून तिने सोडवलं. पण कर्ज मिळालं म्हणजे जागा मिळाली असं होत नाही. तसंच खाद्यपदार्थांची नोंदणी, शॉप ॲक्टचा दाखला, पालिकेची रोजची पावती, यांपैकी कोणताही कागद विक्री प्रमाणपत्राची जागा घेत नाही. मात्र रोजच्या जुन्या पावत्यांचा उपयोग विक्रेत्याला आपण आधीपासून तिथे होतो हे दाखवायला होतो, म्हणून त्या बिनकामाच्या समजू नका.

प्रमाणपत्र असलेल्या माणसालासुद्धा हलवता येतं, हे दुकानदारांना सहसा माहीत नसतं. सार्वजनिक कारणासाठी समितीच्या शिफारशीवरून स्थलांतर करता येतं. प्रमाणपत्रात लिहिलेल्या जागेवरून हलवायचं तर कलम 18 प्रमाणे 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि दुसरी जागा मिळण्याचा त्याला हक्क असतो. नोटिशीनंतरही तो हलला नाही तर दिवसाला 250 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. माल उचलला तर त्याची यादी करून त्याला द्यावी लागते. त्याने मागणी केली आणि ठरलेलं शुल्क भरलं की नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा दोन कामाच्या दिवसांत परत करावा लागतो. प्रमाणपत्राशिवाय किंवा अटी मोडून विक्री केली तर 2,000 रुपयांपर्यंत दंड आहे. आकडे लहान आहेत, आणि मला वाटतं ते लहान ठेवले हे बरोबरच आहे. ज्याची दिवसाची कमाई त्या गाडीवरच आहे त्याला मोठा दंड म्हणजे धंदा बंद.

गर्दी होते म्हणून हा भाग ना-फेरीवाला क्षेत्र जाहीर करा, अशी मागणीही तुमच्या शेजारचे दुकानदार करत असतील. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्पष्ट लिहिलंय की केवळ गर्दी हे कारण पुरत नाही, आणि जिथे परंपरेने बाजार भरत आलाय तो नैसर्गिक बाजार ना-फेरीवाला करता येत नाही. सर्वेक्षण आणि आराखडा होईपर्यंत असं क्षेत्र जाहीरच करता येत नाही. मुंबईत रेल्वे स्थानकापासून 150 मीटर आणि शाळा, रुग्णालयं, प्रार्थनास्थळं यांपासून 100 मीटरची मर्यादा तुम्ही ऐकली असेल. ती सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये मुंबईच्या प्रकरणात मान्य केलेल्या अटींतून आली आणि मुंबई उच्च न्यायालयाने 1 नोव्हेंबर 2017 च्या निकालात पुन्हा सांगितली. तुमच्या शहरात तीच अंतरं आपोआप लागू होतात असं गृहीत धरू नका. तुमच्या पालिकेचा आराखडा किंवा ठराव काय म्हणतो ते माहिती अधिकारात मागवा.

आता तुमच्याकडे वळतो, कारण पालिकेचं अतिक्रमण हटवणारं पथक आलं की ते आधी तुमच्याकडेच वळेल. एखाद्या दुकानदाराने गाडीविरुद्ध तक्रार केली, पथक आलं, आणि गाडीला नोंदीचं संरक्षण असल्याने तिला हात न लावता दुकानदाराचा ओटा, पायरी आणि ताडपत्रीचा सांगाडा काढून घेऊन गेलं, हे मी अनेकदा पाहिलंय. पथकाने काहीच वावगं केलेलं नसतं. दुकानदाराला 2014 च्या कायद्याचं कसलंही संरक्षण नाही. फुटपाथवर आलेली पायरी, उतार, जाळी, मांडलेला माल, उभा केलेला फलक, यावर पालिका जुन्या कलमांखाली सरळ कारवाई करू शकते.

म्हणून अर्ज करण्याआधी एका सकाळी दुकान उघडायच्या वेळेला समोरच्या बाजूला उभं राहून आपल्या इमारतीकडे परक्याच्या नजरेने बघा. शटर वर केल्यावर सकाळी कोणता माल बाहेर येतो आणि कुठपर्यंत येतो? पाटी भिंतीपासून किती पुढे आली आहे, आणि तिचा परवाना आहे का? एसीच्या बाहेरच्या पेटीचं पाणी थेंबथेंब कुठे पडतं? गच्चीवरून येणारा पावसाच्या पाण्याचा पाइप गटारात सोडलाय की फुटपाथवर तोंड उघडून मोकळा आहे? पावसाळ्यात त्या तोंडाखाली हिरवं शेवाळ धरतं, आणि माझ्या अनुभवात दुकानाच्या दारातली घसरण बहुतेकदा त्या एका वावभर पट्ट्यात होते. दार बाहेर उघडतं का तेही बघा. तळमजल्याचं दार रस्त्यावर बाहेरच्या बाजूला उघडू नये अशी तरतूद मुंबईच्या 1888 च्या कायद्यातसुद्धा आहे, इतका हा विचार जुना आहे.

उताराचं काय? फुटपाथ रस्त्यापेक्षा उंच आणि तुमची जोती त्याहून उंच, म्हणून प्रत्येक दुकानदार फुटपाथवर सिमेंटचा किंवा फरशीचा उतार बांधतो. चालणाऱ्याला मात्र ती दर वीस पावलांवर वाकडी होणारी वाट वाटते, आणि चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला तर ती बंदच असते. उतार तुमच्या हद्दीत, तुमच्या जोत्याच्या आत घेता येत असेल तर तसाच घ्या. ते शक्य नसेल तर प्रभाग कार्यालयाकडे लेखी परवानगी मागा. परवानगीशिवाय बांधलेला उतार कितीही जुना असला तरी अतिक्रमणच राहतो.

आजोबांच्या पडण्याकडे आता यातूनच बघता येईल. आपल्याकडे फुटपाथची दुरुस्ती आणि देखभाल पालिकेची आहे. समोरच्या घरमालकाने फुटपाथ दुरुस्त करावा असं ओझं आपल्या पालिका कायद्यांत सरसकट टाकलेलं नाही. म्हणजे आजोबा पालिकेच्या फुटलेल्या फरशीत किंवा उघड्या चेंबरमध्ये अडकून पडले असते तर प्रश्न मुख्यतः पालिकेला विचारला गेला असता. पण ते तुम्ही बसवलेल्या गुळगुळीत फरशीवर घसरले असतील तर ‘जागा पालिकेची आहे’ हा बचाव चालणार नाही. धोका ज्याने निर्माण केला तो जबाबदार, जमीन कोणाचीही असो. तोच नियम गाडीवाल्यालाही लागतो: त्याच्या पिंपातलं आणि भांडी धुतलेलं पाणी तिथे साचत असेल तर तोही जबाबदार. ओली गुळगुळीत फरशी हे दोघांनी मिळून केलेलं काम ठरू शकतं, आणि मग न्यायालय दोघांनाही धरू शकतं. त्या दिवशी पाऊस होता का, पाणी कुठून आलं, फरशी कोणती, आजोबांना कुठे लागलं, यावर सगळं ठरेल. त्या जागेचे फोटो असतील तर जपून ठेवा, तुमच्या विरुद्ध जाणारे असले तरी. आणि त्या आजोबांच्या घरी गेला नसाल तर जा, उपचारांची चौकशी करा. माणुसकी म्हणून जा. दावा टळेल की नाही हा हिशेब त्यात आणू नका.

इमारतीपासून पडणाऱ्या गोष्टींबाबत कायदा अजून कडक आहे. दिल्लीत चांदणी चौकातला जुना घड्याळाचा मनोरा कोसळून माणसं मेली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 1966 मध्ये दिल्ली महानगरपालिकेला, मनोऱ्याची मालक म्हणून, जबाबदार धरलं. बांधकाम सुमारे 80 वर्षांचं होतं आणि ज्या चुन्यात ते बांधलं होतं त्याचं आयुष्य 40 ते 45 वर्षं मानलं जात होतं. रस्त्यालगतच्या इमारतीची डागडुजी करणं मालकाचं कर्तव्य आहे आणि दोष वरवर दिसत नव्हता एवढं सांगून तो सुटत नाही, हे तत्त्व त्यात आलं. तुमची इमारत जुनी आहे असं तुम्हीच लिहिलंय. सज्ज्याचं प्लास्टर, पाटीचे गंजलेले स्क्रू, गच्चीच्या कठड्यावरच्या कुंड्या, या गोष्टी मला तुमच्या समोरच्या गाडीपेक्षा जास्त काळजीच्या वाटतात. पावसाळ्याआधी बांधकाम अभियंत्याकडून एकदा तपासणी करून त्याचा लेखी अहवाल ठेवा. झाडाची फांदी धोकादायक वाटत असेल तर मात्र स्वतः तोडू नका, झाड तुमच्या आवारातलं असलं तरी 1975 च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते.

दोन गोष्टी चुकूनही करू नका. एक, गाडीवाल्याकडून महिन्याला काही रक्कम घेऊन ‘जमवून घेणं’. फुटपाथ तुमचा नाही, त्याचं भाडं घेण्याचा अधिकार तुम्हाला नाही, आणि घेतल्याचं निघालं की दार अडल्याची तुमची तक्रार कोणी ऐकणार नाही. दोन, दुकानाच्या मीटरवरून त्याला वायर टाकून देणं. ज्या जागेसाठी जोडणी मंजूर आहे तिच्याबाहेर वीज वापरणं हा 2003 च्या विद्युत कायद्यात अनधिकृत वापर आहे, आणि त्याची आकारणी मीटर ज्याच्या नावावर त्याच्यावर येते. पावसात त्या वायरवरून शॉक लागला तर पुढचं सांगायला नको.

पोलिसांकडे किती जायचं? सार्वजनिक वाट अडवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 285 खाली गुन्हा आहे, दंड 5,000 रुपयांपर्यंत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली कार्यकारी दंडाधिकारी सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश देऊ शकतात. हे मार्ग आहेत. पण प्रमाणपत्रातल्या अटींप्रमाणे विक्री करणाऱ्याला पोलिसांनी अडवू नये असं 2014 चा कायदा सांगतो, म्हणून पोलीस या भांडणात पडायला नाखूश असतात. घरगुती गॅसचं सिलिंडर वापरून गाडीवर रांधलं जात असेल, किंवा सिलिंडर तुमच्या दाराला खेटून असेल, तर तो धोक्याचा विषय आहे आणि तिथे मात्र तक्रारीला अजिबात उशीर करू नका. धंद्यासाठी घरगुती सिलिंडर वापरायला परवानगीच नाही.

तुमचा अर्ज प्रभाग कार्यालयाच्या अतिक्रमण विभागाला आणि प्रत नगर पथविक्रेता समितीला. आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. अर्जात ‘गाडी हटवा’ असं लिहू नका. लिहा की दाराची रुंदी इतकी आहे, त्यातली इतकी अडते, फुटपाथ एकूण इतका रुंद आहे आणि गाडी लागल्यावर चालायला इतका उरतो. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे चालण्याचा पट्टा किमान 1.8 मीटर रुंद आणि 2.2 मीटर उंचीपर्यंत मोकळा असावा लागतो, बाजारपेठेत त्याहून जास्त. अडथळा नसलेला, अपंगांनाही वापरता येईल असा फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये सांगितलंय, त्याचा उल्लेख करा. सकाळ, दुपार, संध्याकाळचे टेप धरलेले फोटो जोडा. आणि मागणी अशी ठेवा: गाडी त्याच फुटपाथवर अमुक फूट बाजूला, दार आणि चालण्याचा पट्टा मोकळा राहील अशी लावली जावी, बाकडं आणि पिंप हटवावं, सांडपाण्याची सोय त्याने करावी, आणि नोंदणीची चौकशी व्हावी.

अशी मागणी का, तर पूर्ण हटवण्याची मागणी केलीत की प्रकरण समिती, नोटीस, अपील आणि उच्च न्यायालय या वाटेला लागतं आणि तोवर गाडी जिथे आहे तिथेच राहते. काही फूट सरकवायला स्थानिक अधिकाऱ्याला जागेवर येऊन खडूने रेषा मारणं पुरतं, आणि विक्रेत्यालाही त्याला विरोध करायचं कारण उरत नाही, कारण त्याची रोजी जात नाही. अर्ज देण्याआधी भाच्याशी, आणि जमलं तर मावशींशीही, शांतपणे बोलून हीच मागणी समोर ठेवा. बऱ्याच वेळा अर्जाची गरजच पडत नाही. ठरलं तर दोघांच्या सह्यांनी साध्या कागदावर जागा आणि वेळ लिहून ठेवा. त्या कागदाने कोणाला फुटपाथवर हक्क मिळत नाही, पण उद्या वाद झाला तर तुम्ही वाजवी वागलात याचा तो पुरावा असतो.

शेवटचं, समितीबद्दल. कायद्यातली तक्रार निवारण समिती, जिचे अध्यक्ष माजी दिवाणी न्यायाधीश किंवा न्यायदंडाधिकारी असतात, ती फक्त पथविक्रेत्यांच्या तक्रारींसाठी आहे, तिथे दुकानदार जाऊ शकत नाही. पण नगर पथविक्रेता समितीत व्यापारी संघटना आणि रहिवासी संघ यांच्या प्रतिनिधींसाठी जागा आहेत. तुमच्या शहरात त्या जागांवर कोण आहे आणि तुमच्या रस्त्याचा आराखडा कोणत्या टप्प्यावर आहे, हे आधी विचारून घ्या. आराखड्यावर चर्चा सुरू असताना दिलेल्या एका निवेदनाने जे होतं, ते आराखडा मंजूर झाल्यावर खटला लढून व्हायला फार वर्षं जातात. हद्दीची मोजणी हातात आली, किंवा मावशींच्या पावतीवर नेमकं काय लिहिलंय ते कळलं, की कळवा. त्यावरून अर्जाचा मसुदा बघून देईन.